बोट घराकडे वळते

"रुपालीजी, बोट फिर इंदूरकडे वळली," हातोदच्या तलावाच्या काठावरून नरेंद्र फोनवर म्हणाला.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरी रुपालीने लॅपटॉपवर सगळं पुन्हा तपासलं. पाण्याची खोली मोजणाऱ्या त्या बिनमाणसाच्या बोटीत ओपन सोर्स ऑटोपायलट, म्हणजे बोट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, होता. परतीची जागा काठावरचीच नोंदलेली होती, कंपासही ठीक होता.

आतल्या खोलीत तिचा तान्हा यशू रडू लागला. तिने उठून दार घट्ट लावलं.

"वळली, वळली! बाळ रडतंय का जी?"

"छे, सासूबाईंनी घेतलंय त्याला," ती म्हणाली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूबाई गावाला गेल्या होत्या. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम होतं, ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

यशू दम घ्यायला थांबला.

"सीधी झाली," नरेंद्र म्हणाला.

यशूने पुन्हा टाहो फोडला.

"अरे यार, फिर वळली!"

रुपालीचे हात कीबोर्डवरच राहिले. तलावातल्या बोटीला ऐकू येत होतं, आणि आई दार लावून बसली होती. शरमेने ती उठली. कडीला हात लावला तोच रडणं थांबलं.

"शाबास! काय केलंत?" नरेंद्र हसला. "आता जागच्या जागी डोलतेय. वारा नाही, लाट नाही, पण कुणी झुलवतंय जैसे."

रुपालीने काहीच केलं नव्हतं. तिने दार ढकललं.

यशू शांत निजला होता. पाळण्याची दोरी हातोदकडच्या बंद खिडकीच्या दिशेने ताणली जात होती, सैल पडत होती, पुन्हा ताणली जात होती.