आनंदवाचनाची तपासणी

पहिल्या पुस्तकाचा कोपरा दुमडताना ग्रंथपाल बाईंचा हात अडखळला. बावीस वर्षं त्यांनी याच गुन्ह्यासाठी पोरांचे कान पिळले होते. पण आता वेळच तशी आली होती. 'आनंदवाचन' योजनेत शाळेला मिळालेली एकशे चाळीस पुस्तकं आठवीची मुलं खरंच हौसेनं वाचतात का, हे बघायला उद्या सकाळी तपासणी अधिकारी येणार होते. वाचत नसतील तर वाचनाचा तास गणिताला जाणार होता, आणि तासापाठोपाठ ही खोलीसुद्धा. गणिताचे सर कालच येऊन फळा कुठे टांगायचा ते डोळ्यांनी मापून गेले होते.

पुस्तकं मात्र इतकी कोरी की उघडली की वाजायची. कोरी राहणारच. आली त्या दिवशी बाईंनी ती मोजली, शिक्के मारले, काचेच्या कपाटात रांगेनं लावली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुलांच्या हातांचा काय भरवसा!

म्हणून आज बाईंनी वर्गशिक्षकांकडून शिक्षा झालेली तीन मुलं मागून आणली होती. एक रेडिओ, ही मुलगी झोपेतही बोलते अशी तिच्या आईचीच तक्रार होती. दुसरा पैलवान, ज्याला जरा वारा सुटला की कशाला तरी धरून उभं राहावं लागे. आणि तिसरी झोपाळू. तिला कोणी जागं बघितलंय का, यावर वर्गात दुमत होतं.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "पुस्तक मधोमध उघडायचं आणि त्याची पाठ मोडायची. पानांवरून अंगठा फिरवायचा. दहा पानांमागे एक कोपरा दुमडायचा. चहाचे डाग मी पाडणार, कपाला कोणी हात लावायचा नाही."

"बाई, माझे हात स्वच्छ आहेत," पैलवान काळजीनं म्हणाला. "मैदानावरची धूळ लावून येऊ?"

"ये. पण बेतानं."

काम झपाट्यानं सुरू झालं. पुस्तकांच्या पाठी कडाकड मोडत होत्या आणि प्रत्येक आवाजासरशी बाईंच्या काळजात चर्र होत होतं. अर्ध्या तासात चाळीस पुस्तकं वापरून जुनी झाली. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की खोलीत कमालीची शांतता आहे. रेडिओ बंद पडला होता.

"काय गं, बरं नाही का?"

"तसं नाही, बाई. हा चोर आहे ना, तो चुकून स्वतःच्याच सासरी शिरलाय. आता माळ्यावर लपलाय आणि खाली सासू मटार सोलत बसलीय."

"मग?" पैलवान सरकून जवळ आला.

"किती मटार आहेत?" झोपाळूनं विचारलं. ती टक्क जागी होती.

"अरे, वाचत काय बसलात! अजून शंभर पुस्तकं पडलीत!"

"एवढंच पान, बाई."

एवढ्याच पानाची सहा पानं झाली. तिघांची डोकी एकाच पुस्तकात. पाठ मोडल्याचा एक आवाज नाही, एक कोपरा दुमडला नाही. घड्याळ पुढं सरकत होतं. बाईंचा संयम सुटला. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"खबरदार कोणी पुस्तक वाचाल तर! उद्या साहेब येणार आहेत!"

"आजच आलो," दारातून आवाज आला. "म्हटलं, वाटेवरच शाळा आहे, तर उरकून टाकावं."

साहेबांनी पुस्तकांचा ढीग बघितला, पैलवानाचे मातकट हात बघितले, बाईंच्या हातातला तिरका कप बघितला. ते एका बाकावर टेकले, कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

रेडिओला प्रसंगाचं भान कधीच नसे. "बाई, त्याला माळ्यावर शिंक आलीय हो! सापडतो का तो? तुम्हाला माहीतच असेल ना!"

"सापडतो" म्हणून मोकळं होता आलं असतं. बाईंच्या ओठांवर आलंही. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

"नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मी वाचलेलंच नाही. खराब होईल म्हणून उघडलंसुद्धा नाही कधी."

बोलताना त्यांना लाज वाटली. साहेबांची नाही, त्या तिघांची. रेडिओ त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं डबा विसरलेल्या मैत्रिणीकडे बघावं. मग ती बाकावर सरकली.

"बसा ना इथं. मी पहिल्यापासून वाचते."

"पहिल्यापासून?" पैलवान कळवळला. "शिंकेचं काय?"

"पहिल्यापासूनच," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मलाही माहीत नाही."

रेडिओ वाचू लागली. दुसऱ्याच पानावर बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की त्या स्वतःच दचकल्या. चोर भिंत चढला, चोर पडला, चोर माळ्यावर गेला. साहेब बाक ओढत ओढत पुढं आले. शेवटी चोराला ती शिंक आलीच, आणि सासूनं मटार बाजूला ठेवले.

तेवढ्यात दार करकरलं. हातोडी आणि चार खिळे घेऊन गणिताचे सर उभे होते.

"साहेब, आलात का! खोली बघून घेता? इथं फळा—"

बाईंनी पुस्तकातून मान वर केली नाही.

"सर, दार लावून घ्या. आणि आत बसायचं की बाहेर जायचं, ते पटकन ठरवा. सासू शिडी चढतेय."