कॅसेटमधलं छुन

प्ले

"आजोबा, या वर्षी पण नाही म्हणालात ना, तर मी खरंच रडणार," तनू म्हणाली.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका शाळेचा हॉल. सराव संपला होता, ढोल भिंतीशी लागले होते. पथकाची प्रमुख आता जयंतरावांची नात होती.

"खांदा दुखतो गं."

"मी पाच वर्षाची होते तेव्हापण खांदाच होता! थर्टी-फाइव्ह इयर्स झाले पथकला. मिरवणूकची ओपनिंग कॅसेटवाल्या हातानेच पाहिजे."

कॅसेट सगळ्यांना पाठ होती. तीन मिनिटांचा ताशा. प्रत्येक तर्रीच्या, काड्यांच्या त्या जलद सरीच्या, शेवटी एक बारीक 'छुन'. पथकात नवा येणारा पहिलं वर्ष छोटी झांज धरून उभा राहायचा आणि फक्त ते छुन वाजवायचा.

या वर्षी ती पाळी समरची. ब्रॅकनेलला नोकरीला आलेला, पुण्याच्या पथकात आठ वर्षं काढलेला.

"काका, पुण्यात असं छुन कधी ऐकलं नाही. हे घराणं कुठलं?"

"ईलिंगचं," जयंतराव म्हणाले. सगळे हसले.

"आणि रेकॉर्डिंग?"

"गॅरेजमध्ये. टेपची दोन बटणं एकदम दाबायची. आमची सारखी सुटायची. तीन मिनिटं मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली होती."

पोरं पुन्हा हसली. तनू हसली नाही. ती आजोबांकडे बघत होती.

"बरं," जयंतराव म्हणाले. "रविवारी."

पॉज

"हो म्हणून आलोय," त्यांनी घरी सांगितलं.

रेखाचं लाटणं थांबलं. "अहो, वेड लागलंय का? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"पोरीच्या नजरेतून उतराल. देव मानते ती तुम्हाला."

"म्हणूनच."

रेखाने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "पोळी गार होतेय."

रिवाइंड

१९९१, ईलिंग. हँडबॅगेतून आणलेला एकच ताशा. लंडनच्या दमट हवेत कातडं सैल पडायचं, मग हेअरड्रायरने शेकायचं. पथकात पुरुष. बायकांकडे कोट आणि प्रसादाचे डबे.

आता निम्म्या मुली. ढोलांची पानं फायबरची, कानात ताल धरून ठेवणारं क्लिक, आणि रस्त्याच्या कडेला कौन्सिलचा माणूस आवाज मोजायला.

कॅसेटवर जयंतरावांनी लिहिलं होतं: 'जयंत, ईलिंग'. कोणी ऐकायला नेली तर परत मिळावी म्हणून. ती परत आलीच नाही. एकाकडून दुसऱ्याकडे गेली, लेस्टरला पोचली, शेवटी सगळ्यांच्या फोनमध्ये शिरली. नाव तेवढं चिकटून राहिलं.

सगळं बदललं. छुन बदललं नाही.

"ती छुन माझी फेव्हरेट आहे," तनू लहानपणी म्हणायची. रेखा तिची वेणी घालत असायची.

प्ले

रविवार. पार्किंगमध्ये गणपतीची पालखी तयार होती. जयंतरावांनी ताशा गळ्यात अडकवला. फोन वर झाले.

"तनू, कानातलं काढायला सांग सगळ्यांना."

"क्लिकशिवाय, आजोबा?"

"क्लिकशिवाय."

समरने झांज उचलली. जयंतरावांनी मात्र अजून काड्या हातात घेतल्या नव्हत्या. ते पाहून तनू पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल हं. खरंच."

त्यांनी तिच्या गालाला हात लावला. मग वळून गर्दीत पाहिलं. रेखा मागे उभी होती, हातात नेहमीसारखे सगळ्यांचे कोट.

"रेखा, ये."

"अहो, नको."

"ये गं."

त्यांनी तिच्या हातातले कोट स्वतःकडे घेतले. गळ्यातला ताशा काढून तिच्या गळ्यात घातला.

"आजोबा?" तनू म्हणाली.

रेखाने कार्डिगनच्या बाह्या वर सारल्या. काड्या घेतल्या. डोळे मिटले.

तर्री उठली, चढली, तुटली. समरची झांज हवेत तशीच राहिली होती. तो वाजवायलाच विसरला होता.

रेखाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावर घसरल्या.

छुन.