रिकाम्या गाळ्यातला दिवा

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात श्रीरंग सरांनी वैदेहीला शिकवलं होतं, “रिकाम्या गाळ्यात लाईट चालू ठेवायची. अंधार दिसला, की शेजारच्याचंही गिऱ्हाईक माघारी फिरतं.” सर निवृत्त झाले, पण मॉलमधले गाळे भाड्यानं देणारी वैदेही रोज संध्याकाळी बंद दुकानांतले दिवे स्वतः लावत राहिली. आज दुसऱ्या मजल्यावरचा शेवटचा दुकानदारही सामान हलवून किल्ली द्यायला आला. “मॅडम, अख्खा मजला ओस पडला. आता लाईट कुणासाठी लावता?” “येईल कुणीतरी,” म्हणत तिनं त्याच्याही गाळ्यातला दिवा लावला. चिकलठाण्यातल्या घराचा जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या सखूबाई भेटल्या. “ताई, तुम्ही यायच्या आधीच तुमच्या खिडकीत उजेड असतो. लई बरं झालं, कुणीतरी आलं सोबतीला!” वैदेही नुसतीच हसली. सखूबाई आत जाऊन दार ओढून घेईपर्यंत तिनं पर्समधली, दाराला बाहेरून लावलेल्या कुलपाची किल्ली काढली नाही.