पहिलं बोट

"पहिलं बोट मालकाचं," नोलन म्हणाला आणि त्याने बंदुकीला लावायचं, बोटाच्या ठशाने उघडणारं ते काळं कुलूप काचेवरून ऑर्विनपुढे सरकवलं. "आणखी कोणाची बोटं घ्यायची, कोणाची पुसायची, ते सगळं मग मालकाच्या हातात."

हे आर्डिसला ठाऊक नव्हतं. कुलूप आपण घ्यायचं, बोटही आपलंच द्यायचं, एवढाच विचार करून ती नवऱ्याला, ऑर्विनला, दुकानात घेऊन आली होती. घरातून निघताना तिने त्याला सांगितलं होतं, ईस्टरला पतवंडं येताहेत, पोरांच्या हाताला बंदुका लागायला नकोत. त्याने मान डोलावली आणि निमूट गाडीत बसला. गाडी हल्ली तीच चालवायची.

नोलन कुलपाच्या कंपनीचा माणूस. डेन्व्हरहून आलेला, पायात कोरे करकरीत बूट. वायोमिंगच्या त्या गावातल्या बंदुकांच्या दुकानात तो सकाळपासून उभा होता आणि अजून एकही कुलूप खपलं नव्हतं.

"थोड्याच वर्षांत बघा, सर, लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात हे असेल. केवढा मोठा बाजार आहे!"

"आणि दारात अस्वल आलं की त्याला सांगायचं, थांब बाबा, जरा कुलपाचा सेल बदलतो," दुकानदार गस हसत म्हणाला. "काय मास्तर, खरं ना?"

गावाला ऑर्विन मास्तर म्हणूनच माहीत होता. शिकारीचा परवाना हवा असलेलं प्रत्येक पोर आधी त्याच्या वर्गात बसायचं. बंदूक रिकामी आहे असं कोणीही सांगो, अगदी आईने सांगितलं तरी, स्वतः उघडून बघायची, हा त्याचा पहिला धडा. गसही त्याच्याच हाताखाली शिकलेला.

आणि म्हणूनच आर्डिसला हे कोणाला सांगता येत नव्हतं. गेल्या महिन्यात भर दुपारी ती कोंबड्यांना दाणे टाकून परत आली, तर ऑर्विन ओसरीवर बंदूक रोखून उभा. "तिथंच थांब. कोण तू? नाव सांग," तो म्हणाला. तिने नाव सांगितलं. त्याने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग बंदूक खाली केली आणि विचारलं, "जेवायला काय केलंयस?" त्या दिवसाबद्दल ती त्याच्याशी बोलली नाही. मुलालाही कळवलं नाही. मुलगा म्हणाला असता, विकून टाक सगळ्या. मग दोन दिवसांत गावभर झालं असतं की मास्तरांच्या हाती आता बंदूक देत नाहीत.

ऑर्विनने अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"बोट जरा पुसून घ्या, सर."

"पुसायला काही उरलंय का त्यावर? जन्म गेला काटेरी तारा ओढण्यात."

"मास्तर, तुम्ही बँक लुटायला हवी होती," गस म्हणाला. "ठसेच सापडले नसते."

ऑर्विन एकेक बोट लावत होता. लाल दिवा लागला की आर्डिसला जरा श्वास घेता येई. ती हातातली गाडीची किल्ली नुसती फिरवत होती. यंत्रच नाही म्हणत असेल तर आपल्याला काही म्हणावं लागणार नाही.

"राहू दे ना आता," ती म्हणाली. "माझंच घ्या." आवाज फार घाईचा निघाला.

"थांब," ऑर्विन म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

डाव्या करंगळीला दिवा हिरवा झाला. कुलूप खट्कन उघडलं. नोलनने आनंदाने टाळीच वाजवली. आर्डिसने टेबलाची कड घट्ट धरली.

ऑर्विनने कुलूप लावलं, उघडलं, परत लावलं.

"म्हणजे खरंच चालतं हे."

"शंभर टक्के, सर!"

"मग आता माझं बोट पूस. हिचं घे."

नोलन गोंधळला. "पण सर, तुमचं बोट नसेल तर तुमचीच बंदूक तुम्हाला..."

"कान चांगले आहेत माझे. पूस."

गसचं हसू मावळलं. तो उगाचच काडतुसांची खोकी एका रेषेत लावू लागला.

"अरे, पण पतवंडं असतील तेवढ्यापुरतंच तर..." आर्डिस काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"पतवंडं ईस्टरला कॅन्ससला चालली आहेत. परवा फोनवर तूच बोलत होतीस."

नोलनने तिचं बोट धरून कुलपावर ठेवलं. दिवा पहिल्याच फटक्याला हिरवा झाला. कुलूप लावून झाल्यावर ऑर्विनने ते पुन्हा आपल्याकडे ओढलं. उजवा हात, मग डावा, दहाही बोटं त्याने सावकाश टेकवली. डाव्या करंगळीवर जास्त वेळ थांबला. दिवा लालच राहिला.

"ठीक," तो नोलनला म्हणाला. "घरात जेवढ्या बंदुका आहेत तेवढी कुलपं दे. किती, ते हिला विचार."

मग तो बायकोकडे वळला.

"आणि आर्डिस, मी तुला नावाने हाक मारून बंदूक मागितली ना, तरीसुद्धा उघडायचं नाही."