तोट्याचा रकाना

१९५८ सालची गोष्ट. देवपूरच्या शाळेत मुंबईचे एक इंजिनीअर विजेवर व्याख्यान द्यायला आले होते. कोळशाची, तेलाची आणि पाण्याची वीज, असा फायद्या-तोट्याचा मोठा तक्ता त्यांनी फळ्यावर काढला. कोळशाच्या तोट्यात त्यांनी धूर आणि राख लिहिली. तेलाच्या तोट्यात लिहिलं, परदेशातून आणावं लागतं. पाण्याच्या तोट्यात लिहिलं, 'काही नाही'.

शाळेत झाडलोट करणाऱ्या यशोदाबाई दाराशी उभ्या होत्या. प्रौढांच्या वर्गात त्या नुकत्याच लिहा-वाचायला शिकल्या होत्या. ते दोन शब्द त्यांनी दोनदा वाचले आणि त्या थेट फळ्यापाशी आल्या.

"साहेब, हाई खोटं शे."

इंजिनीअर हसले. "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"गये साल तुमनं धरण भरनं. मन्हं गाव बुडी गयं. घर, मळा, देऊळ, बठ्ठं!"

हेडमास्तर यशोदाबाईंना बाहेर न्यायला उठले.

"वाईट झालं," इंजिनीअर घड्याळाकडे बघत म्हणाले, "पण तो विषय दुसऱ्या खात्याचा आहे. या तक्त्यात येत नाही."

यशोदाबाईंनी टेबलावरचा खडू उचलला. 'काही नाही' हे शब्द पदरानं खसाखसा पुसले आणि त्या जागी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं,


'आमळगव्हाण. घरं एकशे बारा.'