पोटावरचा पट्टा

तीनशे बारा.

वेनिंगने बोट पुसलं आणि पुन्हा टोचलं. तीनशे अठरा. सकाळी हीच साखर एकशे दहा होती. छातीशी खोचलेलं इन्सुलिनचं यंत्र मात्र निवांत होतं. तिने दोनदा जादा डोस मागितला आणि दोन्ही वेळा त्याने 'दिला' म्हणून सांगितलं. दिवसभरात तिने गोड काही तोंडात घातलं नव्हतं. पाहुण्यांसाठी केलेला फळांचा रुजाकसुद्धा नुसता वाढला होता. आता जीव मळमळत होता, घसा कोरडा पडला होता, आणि पोटातलं सात महिन्यांचं बाळ मघापासून हललं नव्हतं.

अंगणात बायका अजून हसत होत्या. सातव्या महिन्याचा सोहळा झोकात झाला होता. सात वडीलधाऱ्यांनी तिच्या डोक्यावर फुलांचं पाणी ओतलं. तेवढ्यापुरतं तिने यंत्र काढलं आणि अंग पुसल्याबरोबर पुन्हा लावलं. मग सासूने तिच्या पोटाभोवती नारळाच्या कोवळ्या झावळीचा पट्टा बांधला. बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून प्रसोजोने, तिच्या नवऱ्याने, आजोबांच्या कट्यारीने तो कापला. त्यानंतर बायकांनी एकामागून एक सात वस्त्रं तिला गुंडाळून पाहिली. प्रत्येक वस्त्राला रीतीप्रमाणे बायका ओरडायच्या, "नाही शोभत, नाही शोभत!" सातवं एकदाचं शोभलं.

सासूचं, सुतिनाहचं, या यंत्राशी पहिल्यापासून वाकडं. घरात दोघंही तिला 'इबू', म्हणजे आई, म्हणत. सुनेने गळ्यात पंचा टाकला तरी 'नाळ बाळाच्या मानेला गुंडाळेल' म्हणून धावत येणारी बाई ती. पोटावर चोवीस तास लोंबणारी नळी तिला कशी चालावी? "सुई बरी," ती येताजाता म्हणायची. "औषध आत गेलेलं कळतं तरी. ही पेटी काय देते नि काय नाही, तिचं तिला ठाऊक!"

वेनिंगला ते मानवत नसे. सुया टोचायची तेव्हा तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कितीदा समजावलं, "यंत्र असो की सुई, बाळाला मतलब साखरेशी." डोक्याला पटायचं, मनाला नाही. या खेपेला सुई नको म्हणजे नको, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिने वस्त्राची गाठ सोडली. कापड ओलं लागलं, त्याला दवाखान्यासारखा वास येत होता. नळीचे दोन तुकडे झाले होते. एक पोटाला, एक यंत्राला. तीन तास औषध कापडात मुरत होतं आणि पेटी 'दिलं, दिलं' म्हणत होती.

"प्रसोजो!" ती किंचाळली.

प्रसोजो धावत आला. कट्यार अजून कमरेलाच होती. त्याच्या मागोमाग सासू आली, तिच्या हातात फ्रीजमधलं इन्सुलिन टोचायचं पेन.

"तयारीच होती म्हणा की!" वेनिंगचा आवाज चिरकला. "तुम्हीच कापलीत ना, इबू? तुमच्याच डोळ्यांत खुपत होती ही."

सासूने नळीचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं.

"हो, मीच कापली," ती म्हणाली. "भांडण नंतर कर. आधी मांडी पुढे कर."

"सुई नको!"

"मग बस त्या पेटीकडे बघत. आतल्याला वेळ नाही."

"बाळाला काही झालं ना, इबू," प्रसोजो म्हणाला, "तर तुमचं तोंड बघणार नाही मी." आणि तो गाडी काढायला पळाला.

वेनिंगने डोळे मिटून मांडी पुढे केली आणि किती घ्यायचं तो आकडा सांगितला. सासूने पेन फिरवून आकडा लावला, थेंब उडवून पाहिला, टोचलं, दहापर्यंत मोजलं, मगच सुई काढली. वेनिंग बघत राहिली. अशी टापटीप तिला स्वतःलाही जमत नसे.

"हे कुठे शिकलात?"

"तू आत डॉक्टरणीकडे असायचीस, तेव्हा मी बाहेर नर्सचं डोकं खायचे. घरी एक उशी टोचून टोचून मारली. मघापासून चार तांबे पाणी प्यायलीस, तेव्हाच पेन काढून ठेवलं."

दोघी ओसरीवर गाडीची वाट बघत बसल्या. बाळाने एकदा लाथ मारली, जरा थांबून पुन्हा मारली. वेनिंगला रडू फुटलं. रडता रडता राग आणखीच चढला.

"एवढं सगळं शिकलात, मग नळी का कापलीत?"

"मी कशाला कापू? पट्टा बांधताना मी नळी त्याच्या आत सारली होती, एक वेढा बाहेर राहिला. आत्ता टोक बघितलं तेव्हा कळलं. पट्ट्याबरोबर तीही गेली."

वेनिंगचं रडू थांबलं. कट्यार कोणाच्या हातात होती ते तिला आठवलं.

फाटकाशी हॉर्न वाजला. सासूने तिला हाताला धरून उठवलं.

"पहिल्या बाळाच्या वेळी गाडी उशिरा काढली म्हणून अजून स्वतःला खातोय तो. त्याला हे कधी सांगू नकोस, पोरी. हवं तर तोंड माझंच नका बघू दोघं."