उगवलेली बोटं

कामगार न्यायालयात नरसम्मा बोल्लूने उजवा हात पुढे केला. सोलापुरात यंत्रमागात सापडून त्या हाताची चार बोटं तुटली होती. वर्षभराच्या उपचारांनी ती पुन्हा उगवली होती, गुलाबी आणि मऊ.

"बोटं परत आलीत. मग भरपाई कशाची?" कारखान्याच्या वकिलाने विचारलं.

नरसम्माची वकील वृषाली तोडकर हिने तिच्यापुढे तुटलेला धागा ठेवला. "जोडा, मावशी."

असे धागे नरसम्माने आयुष्यभर न बघता जोडले होते. आता गाठ बसेना. धागा बोटांतून निसटत राहिला, तशी तिने मान खाली घातली.

"बोटं नवीन आहेत, त्यांना काम शिकावं लागेल," वृषाली म्हणाली. "तोवर यांचं घर कसं चालायचं?"

न्यायाधीशांनी तो धागा आणि ती बोटं जवळून पाहिली. हात कामाला सरावेपर्यंत कारखान्याने पूर्ण पगार द्यावा, असा त्यांनी निकाल दिला.

बाहेर टपरीवर नरसम्माने चहाचा ग्लास उजव्या हातात धरला आणि पटकन खाली ठेवला.

"भाजलं का?" वृषालीने विचारलं.

"भाजलं की," नरसम्मा हसली. "जुन्या बोटांना घट्टे पडलेले. चहा गरम आहे, हे त्यांना कधी कळायचंच नाही."